सॅलडमधली ज्वारी

मनू,

परवा पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना तू विचारलंस, "बाबा, तुला ते ज्वारीचं सॅलड खरंच आवडतं, की मला मराठी ठेवायला करतोस?" मी "आवडतं की!" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न लागला. तोंडी सांगायला गेलो की माझं भाषण होतं आणि तू मोबाइल काढतेस, म्हणून लिहितोय. सवडीने वाच.

खरं सांगायचं तर लहानपणी मला ज्वारी मुळीच आवडायची नाही. मंगळवेढ्याला दोन्ही वेळा भाकरीच. पावसाळा सरता सरता पेरायची आणि काळ्या मातीतल्या नुसत्या ओलीवर येणारी मालदांडी ज्वारी. गावाला लोक ज्वारीचं कोठार म्हणतात, पण कोठारात राहणाऱ्या पोराला त्याचं काय कौतुक! डब्यातली भाकरी मधल्या सुट्टीपर्यंत कडक व्हायची. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या डब्यात तुपाची चपाती असायची, घडी उलगडली तरी मऊ.

आमच्याकडे चपाती व्हायची ती सणाला, नाहीतर पाहुणे आले की. दारात अनोळखी चपला दिसल्या की तुझी आजी मला मागच्या दाराने शेजारी पिटाळायची, वाडगाभर गव्हाचं पीठ मागायला. आणि भाकऱ्यांची दुरडी फडकं टाकून आतल्या खोलीत सरकवायची. पाहुण्यांची मी वाट बघायचो ती त्या चपातीसाठी. काकांवर माझा जीव होता असं तुला सगळे सांगतात, त्यातलं निम्मं श्रेय गव्हाला दे.

आता तीच ज्वारी मी डाळिंबाचे दाणे पेरून टेबलाच्या मधोमध मांडतो, तीही पाहुण्यांपुढे. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, चपात्या तरी लाटायच्या होत्यास."

तुझ्या आजोबांची, तात्यांची, ज्वारीबद्दलची अढी वेगळीच होती. १९७२च्या दुष्काळात ते दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणायचे. भाकरी लालसर व्हायची आणि तात्यांच्या घशाखाली उतरायची नाही. "तिकडं जनावरं खात्यात ती," असं ते शेवटपर्यंत सांगायचे. इथे आपल्या विचिटाच्या बाहेर पडलं की सप्टेंबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुटकी, तांबूस कणसांची रानं लागतात बघ, ती मिलोच. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी आपल्या कॅन्ससमध्येच पिकते आणि त्यातली बरीचशी जनावरांना नाहीतर इथेनॉलला जाते. तात्यांचं खरंच होतं. मी घर कुठे घेतलंय ते त्यांना माहीत होतं, पण घराभोवती काय पिकतं ते मी कधी सांगितलं नाही.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, तेव्हा जन्मभर चपाती खाल्लेले नातेवाईक मला व्हॉट्सॲपवर ज्वारीचे फायदे पाठवायला लागले. फायद्यासाठी मी ती करत नाही, एवढं नक्की.

आवडायचा तो हुरडा. थंडीत रानात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, त्यात कोवळी कणसं खुपसायची. आत्या चटके सोसत कणीस तळहातावर चोळायची, फुंकर मारून भूस उडवायची आणि हिरवे, वाफाळते दाणे माझ्या ओंजळीत टाकायची. सोबत लसणाची चटणी. भाकरीतली ज्वारी नको आणि हुरड्यातली हवी, हे कसं काय, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा हुरड्याला पाहुण्यांपासून लपवावं लागत नव्हतं. उलट लोकच हुरडा खायला आमच्याकडे यायचे.

ती चव इथे येत नाही. ज्वारी रात्रभर भिजवली, कुकरमध्ये अर्धा तास ठेवली, तरी दाणा दाताखाली जरा लागतोच. मला तो तसाच लागलेला हवा असतो. चाळणीत निथळली की वाफ असतानाच लिंबू-मीठ लावायचं, गार झाल्यावर दाणा काही आत घेत नाही. (तुझ्या आईला हे पटत नाही. तिचं ऐकू नकोस.) काकडी चोचवून, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर साखर. दाण्याचं कूट अगदी वाढताना, नाहीतर काकडीच्या पाण्याने लगदा होतो. वरून मोहरी-हिंगाची फोडणी आणि फ्रीजरमधला कढीपत्ता, ज्याने आपला स्मोक अलार्म हमखास वाजतो. तुझ्या मैत्रिणीच्या घरी असंच सॅलड ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर घालून करतात, मी ते दोनदा वाढून घेतलं होतं. पण स्वतः करायला घेतलं की फोडणीशिवाय मला ते अर्धवट वाटतं. यात मराठीपण किती आणि नुसती हाताची सवय किती, कोण जाणे.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. हो, थोडं तुझ्यासाठीही करतो. तू किती घेतलंस, किती टाकलंस, याच्याकडे माझं लक्ष असतं. तुला ते कळत असणार, त्याशिवाय तू असं विचारलं नसतंस.

पण मी तरी कुठे भाकरीला धरून राहिलो? पुण्याला होस्टेलवर गेलो आणि रोज चपाती मिळते म्हणून खूश होतो. दिवाळीला घरी आल्यावर भाकरी नको म्हणालो, तर आजीने एका शब्दाने अडवलं नाही. माझ्यापुरत्या दोन चपात्या लाटल्या आणि स्वतः भाकरी घेऊन बसली. तिला तेव्हा काय वाटलं असेल, हे मी तिला विचारलेलं नाही. तू मला निदान विचारलंस तरी.

शनिवारी तुझ्या बँडमधली मुलं जेवायला येणार आहेत. ज्वारी मी भिजवणार आहे, पण तुला ती टेबलावर नको असेल तर शुक्रवारपर्यंत सांग, पास्ता करू. आणि कुणाला शेंगदाण्याची ऍलर्जी आहे का ते विचारून ठेव, म्हणजे कूट घालत नाही.

बाबा