टेक्स्ट एक्सपांडरमध्ये तारीख टाकली की महिना आधी येतो. ती दिवस-आधी आणि मराठीत कशी आणायची?

तुम्ही एस्पान्सो वापरता (छोटा शॉर्टकट टाइप केला की ठरलेला मजकूर उमटवणारा टेक्स्ट एक्सपांडर), तारखेचा शॉर्टकट दाबला की महिना आधी आणि दिवस नंतर येतो, तो बदलायचा आहे आणि जमलं तर महिन्याचं नाव मराठीत हवंय. उत्तर दोन मिनिटांचं आहे, देते. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ‘किरकोळ शंका आहे’ असं लिहिलंय, ते मला झोंबलं. या किरकोळ शंकेपायी मी एकदा आठवडाभर ऑफिसात मान खाली घालून बसले होते.

मी कराडला एका वकिलांकडे टायपिंग बघते. २०२२ चा जून. मे महिन्याची सुट्टी संपून कोर्ट नुकतंच उघडलेलं, पक्षकारांची रीघ. ‘माझ्या पक्षकाराच्या सूचनेवरून व माहितीवरून’ पासून ‘सदर नोटिशीचा खर्च आपणांवर बसविला आहे’ पर्यंत तेच ते दिवसातून वीसदा बडवायचं. भाचीनं सांगितलं, मावशी, एस्पान्सो टाक, फुकट आहे. सोमवारी, ६ तारखेला टाकलं. त्याच्या सुरुवातीच्या फाईलीत तारखेचा शॉर्टकट नमुन्यादाखल आयताच होता, कोलन आणि पुढे डेट. दाबून पाहिला. ०६/०६/२०२२. झकास! आमच्या हेडक्लार्कना, म्हणजे अण्णांना, हाक मारून दाखवलंसुद्धा. अण्णा ‘हं’ म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

वर्षात बारा दिवस असे येतात की दिवस आणि महिना दोन्हींचा आकडा एकच. तपासायला मी नेमका तसला मुहूर्त गाठला. तो नमुना अमेरिकन पद्धतीचा होता, महिना आधी. मंगळवारी ०६/०७ उमटलं, बुधवारी ०६/०८. डोळ्यांना खटकेल असं त्यात काहीच नाही. सहा दिसतो, सात दिसतो, वर्ष बरोबर. शुक्रवारपर्यंत असंच चाललं, मग दुसरा शनिवार आणि रविवार.

सोमवारी १३ तारखेला घरभाड्याच्या एका पत्रावर ०६/१३/२०२२ आलं. मी ते प्रिंट काढून सहीच्या फाईलीत घालूनही मोकळी झाले होते. पकडलं अण्णांनी. कागद खिडकीकडे धरला, चष्मा खाली ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच का गं?”

सगळे हसले. माझ्या पोटात गोळा आला. कारण चार दिवसांत नऊ कागद बाहेर गेले होते आणि त्यातली एक चेक बाऊन्सची नोटीस होती. कलम १३८ ची नोटीस, चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत निघावी लागते. आमच्या पक्षकाराला चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाला होता १८ मे रोजी, म्हणजे शेवटची तारीख १७ जून. आम्ही नोटीस ७ जूनला रजिस्टर पोस्टानं पाठवली होती, चांगले दहा दिवस हातात ठेवून. आणि तिच्या डोक्यावर छापलं होतं ०६/०७/२०२२. आपल्याकडे हे कोणीही ६ जुलैच वाचणार. मुदत संपून एकोणीस दिवस झाल्यावरची तारीख!

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे शुद्धिपत्र सांगितलं, ‘नोटिशीतील दिनांक ७ जून २०२२ असा वाचावा’, आणि ते त्याच दिवशी रवाना झालं. पोस्टाची ७ जूनची पावती होती, त्यामुळे प्रकरण बुडालं नाही. पण समोरच्या वकिलांचं उत्तर शुद्धिपत्र पोचायच्या आधीच निघालं होतं. त्यातली ओळ मला पाठ आहे: ‘आपली दि. ६ जुलै २०२२ ची नोटीस माझ्या पक्षकारास दि. ९ जून २०२२ रोजी प्राप्त झाली.’ पुढे टोमणा वगैरे काही नाही. गरजच नव्हती.

तर आता तुमचं काम. इथे कोड नीट उमटत नाही, म्हणून भाचीनं मला फोनवर सांगितलं तसं शब्दांत सांगते. मॅच फोल्डरमधली बेस नावाची फाईल उघडा, तारखेच्या नमुन्यात फॉरमॅटची ओळ असेल. तिथे टक्का-छोटा एम, टक्का-छोटा डी, टक्का-मोठा वाय असं आहे. पहिल्या दोघांची अदलाबदल करा, झालं. छोटा वाय टाकलात तर वर्ष दोन आकडी येतं. कागदोपत्री कामात तसं करू नका, पुढे दोन आकडे घुसवायला कोणालाही जागा मिळते. ओळींच्या डावीकडची मोकळी जागा स्पेसनंच सोडायची, टॅब दिलात तर फाईल रुसते.

एम छोटा म्हणजे महिना आणि मोठा म्हणजे मिनिटं, हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. ऑटोहॉटकी नावाच्या तशाच दुसऱ्या प्रोग्रामात बरोबर उलटं आहे, तिथे मोठे दोन एम महिना आणि छोटे दोन एम मिनिटं. आमच्या ज्युनिअरनं आपल्या लॅपटॉपवर ते केलं आणि त्याच्या पत्रावर बेचाळिसावा महिना आला. बरं झालं बेचाळिसावा आला. घड्याळात सात मिनिटं झाली असती तर जुलै समजून कागद निघून गेला असता.

महिना मराठीत हवा असेल तर टक्का-मोठा बी टाका, त्यानं महिन्याचं पूर्ण नाव येतं. आणि फॉरमॅटच्या खाली लोकॅल (locale, शेवटी ई असलेलं) नावाची ओळ घालून तिच्यापुढे मराठीचा कोड द्या: छोटे एम-आर, आडवी रेघ, मोठे आय-एन. ‘जून’ उमटेल. दिवसाच्या आधीचं शून्य नको असेल तर टक्का आणि डी यांच्यामध्ये आडवी रेघ घाला, ०७ चं ७ होतं. ऑटोहॉटकीत हेच मराठीचा लोकॅल क्रमांक देऊन होतं. आकडे देवनागरी हवे असतील तर ते फॉरमॅटनं होत नाही, दहा आकडे बदलणारी छोटी स्क्रिप्ट जोडावी लागते. मी जोडलेली नाही, आमच्या कोर्टात इंग्रजी आकडे चालतात.

आता मुद्द्याचं. त्या सोमवारपासून अण्णांचं पालुपद एकच: तारीख यंत्रानं टाकायचीच नाही. ते स्वतः ‘दि.   /   /२०  ’ असं छापून घेतात आणि बॉलपेननं भरतात. जावक रजिस्टर त्यांच्याच हातचं, त्यात त्या चारही दिवसांच्या तारखा अचूक होत्या, आणि ते रजिस्टर त्यांनी माझ्यापुढे किती वेळा उघडलं असेल याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. चूक यंत्रानं तारीख टाकण्यात नव्हती, तारीख निव्वळ आकड्यांत टाकण्यात होती. दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत आणि वेगवेगळे, असे वर्षात १३२ दिवस असतात. त्यातल्या कुठल्याही दिवशी आकड्यांतली तारीख दोन अर्थांनी वाचता येते, मग ती पेननं लिहा नाहीतर सोन्याच्या टाकानं. ‘७ जून २०२२’ जगात कोणी चुकीचं वाचून दाखवावं. आणि हातानं लिहिलं म्हणजे बरोबर, हेही खरं नाही. दर जानेवारीत हेच अण्णा पहिला आठवडाभर मागचं वर्ष लिहितात आणि वर गिरवतात. त्याला कोणी दुष्काळ म्हणत नाही.

अण्णांच्या डोक्यात वर्डमधली आपोआप बदलणारी तारीख बसली आहे, हे मला खूप उशिरा कळलं. ती तारीख फाईल उघडली की त्या दिवसाची होते. फार पूर्वी कोणीतरी तशी घातली होती, स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात ठेवायची प्रत, वर्षानं पुन्हा छापली आणि त्यावर छापल्या दिवसाची तारीख आली. त्यात अण्णांनी बोलणी खाल्ली. पण अण्णा, एक्सपांडर टाकतो तो साधा मजकूर असतो, टाकला की गोठला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी त्यांना तीनदा सांगितलंय.

फाईलींच्या नावात मात्र मी आकडेच वापरते, पण वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमानं लागतात. शासन निर्णयाच्या शेवटी ‘त्याचा संकेतांक’ म्हणून लांबलचक आकडा असतो ना, त्याचे पहिले आठ आकडे बघा. हीच रचना. यासाठी वेगळा शॉर्टकट करा, एकाच शॉर्टकटवर दोन्ही कामं ढकलू नका.

आणि हो, प्रतिज्ञापत्र आणि करारनामा यांवर शॉर्टकट नको. टाइप शुक्रवारी होतं, सही सोमवारी होते, आणि तारीख सहीच्या दिवसाची लागते. तिथे जागा कोरी ठेवून पेननंच भरायची. (एवढ्यापुरतं अण्णा बरोबर. एवढ्यापुरतंच.) तसंच ‘पंधरा दिवसांनंतरची तारीख’ ऑफसेटनं (आजच्या तारखेत ठरावीक काळ मिळवणारी ओळ) काढून चेकच्या नोटिशीत घालू नका. ते पंधरा दिवस समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून मोजतात, तुम्ही टाइप केल्यापासून नाही.

बदल केल्यावर तपासताना आज तारीख बाराच्या आत असेल तर आजची बघून काही कळणार नाही. ऑफसेट सेकंदांत असतो, त्यात १०३६८०० टाका, स्वल्पविराम न देता. बारा दिवस पुढची तारीख येईल, ती नेहमी तेरा किंवा त्यापुढची असते, आणि उलटसुलट लगेच दिसतं. तपासून झालं की ती ऑफसेटची ओळ काढायला विसरू नका. मी एकदा विसरले होते, ते अण्णांना अजून माहीत नाही.