तारीख शेवटी ठरव

प्रिय मुली,

तुझा निरोप मिळाला. वय २७, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९६ किलो, पीसीओडी (पाळी बिघडवणारा अंडाशयाचा आजार), दोन-दोन महिने पाळी नाही आणि शेवटी प्रश्न एकच: "मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत वजन कमी करायचं ऑपरेशन बसवता येईल का?"

बसवायचं म्हटलं तर बसेल. पण ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे तुझ्या हातात मुगाच्या कढणाचा पेला असेल आणि स्वयंपाकघरातून चकल्यांचा वास येत असेल, तेव्हा तो मुहूर्त काही फार शहाणपणाचा वाटत नाही. ते सोड. माझं सांगणं वेगळंच आहे. मी इतकी वर्षं या कामात आहे ती आहाराच्या बाजूने. सर्जन पेशंटला मोजक्या वेळा भेटतो, डाएटवाल्या बाईकडे तोच पेशंट वर्षानुवर्षं येत राहतो, किंवा यायचा बंद होतो आणि मग एकदम हातापायांना मुंग्या येतात म्हणून उगवतो. त्यामुळे मी या ऑपरेशनकडे उलट्या टोकाने बघते. तारीख सगळ्यात शेवटी ठरव. पाच वर्षांनी तुझं बी-१२ जीवनसत्त्व कोण तपासणार आहे, ते आधी ठरव.

आता आकड्यांकडे ये. वजनाला उंचीच्या मीटरमधल्या वर्गाने भागलं की तुझा बीएमआय साडेअडतीसच्या आसपास येतो. १९९१ पासून जगभर या ऑपरेशनसाठी बीएमआय ४० ही रेषा धरली जायची, मधुमेहासारखे आजार सोबत असतील तर ३५. आपल्या लोकांना कमी वजनातच पोट सुटतं आणि साखर वाढते, म्हणून इथले सर्जन ३७.५ आणि ३२.५ धरत आले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष बदलले: ३५ च्या वर असशील तर आजार असो वा नसो, शस्त्रक्रिया सुचवावी आणि आशियाई लोकांसाठी हा आकडा २७.५ पर्यंत खाली धरावा. म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबात तू बसतेस.

विमा कंपनीच्या हिशेबात मात्र बसशीलच असं नाही. इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये पॉलिसीतल्या वगळणुकींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचं कलम आहे, कोड ०६. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय ४० किंवा जास्त. नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत पुढच्यांपैकी एक तरी: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत वारंवार श्वास अडकणं), किंवा आटोक्यात न येणारा टाइप टू मधुमेह. तेही बाकीचे उपाय करून वजन उतरलं नसेल तरच. या यादीत पीसीओडी नाही. गुडघे नाहीत. तुझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून एचआरकडून पॉलिसीची प्रत मागव आणि कव्हर आहे की नाही ते ईमेलवर लेखी घे. "हो हो, सगळं कव्हर आहे" या तोंडी उत्तरावर खाजगी हॉस्पिटलात काही लाखांचं बिल अंगावर घेऊ नकोस.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण हे प्रश्न दबक्या आवाजात येतातच. "मॅडम, विम्याच्या चाळिसाला दीडच बीएमआय कमी पडतोय, महिनाभर खाऊन घेऊ का?" तुझ्या बाबतीत तो हिशेब जेमतेम चार किलोंचा आहे, म्हणून मोह होईल. करू नकोस. वाढवलेलं वजन यकृतातही जाऊन बसतं आणि यकृताचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. दुर्बिणीतून काम करताना सर्जनला तो उचलून धरावा लागतो. जड, चरबीने सुजलेलं यकृत म्हणजे ऑपरेशन अवघड. म्हणून तर ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, प्रथिनांवर भर असलेला आहार देतात. त्याने यकृत आकसतं. एकीकडे ते आकसायचं आणि त्याआधी महिनाभर ते फुगवायचं, हा कुठला न्याय?

त्यापेक्षा मला सांग, तू घोरतेस का? तू लिहिलं नाहीस. मुली हे लिहीत नाहीत. रूममेटला विचार. झोपेत श्वास अडकतो का, सकाळी डोकं जड असतं का, दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे मिटतात का? यातलं काही असेल तर सगळ्या तपासण्यांच्या आधी झोपेची तपासणी करून घे. ती आता घरी मशीन लावूनही होते. तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडकत असेल तर तो तीव्र ॲप्निया. विम्याच्या यादीत तो आहेच, पण त्याहून मोठं कारण भूल देणाऱ्या डॉक्टरांचं आहे. ॲप्निया माहीत नसताना भूल देणं धोक्याचं असतं. माहीत असेल तर आधी काही आठवडे, झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन लावून ते तुला तयार करतात.

बाकीच्या तपासण्या हॉस्पिटल सांगेलच: थायरॉइड, कॉर्टिसॉल, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), पोटाची सोनोग्राफी, टूडी एको, एंडोस्कोपी. त्यात बी-१२, डी जीवनसत्त्व आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आहेत ना, एवढं बघ. तू शाकाहारी आहेस. आपल्याकडे शाकाहारी मुलींचं बी-१२ बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच तळाला असतं आणि त्यावर ऑपरेशन झालं की ते अजून घसरतं. आधी भरून काढ.

ऑपरेशनच्या दोन पद्धतींपैकी स्लीव्ह की बायपास, हे आज ठरवू नकोस. दोन्हीत चरबी काढत नाहीत. मावशी-काकूंना वाटतं तसं लायपोसक्शन हे नव्हे. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा थोडा अधिकच कापून कायमचा काढून टाकतात, त्याबरोबर भूक लावणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचा मोठा साठा जातो. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. तुला छातीत जळजळ, आंबट पाणी असा जुना त्रास असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो. एंडोस्कोपीचा रिपोर्ट हातात आल्यावर सर्जनशी बोल. मैत्रिणीने स्लीव्ह केलं म्हणून मलाही स्लीव्ह, हे साडीच्या दुकानात चालतं.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही विचारून घे. टिर्झेपटाइड मार्च २०२५ पासून भारतात मिळतं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये आलं. मी ऑपरेशनच्या टीममध्ये वाढले म्हणून त्यांना नावं ठेवणार नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्टची (संप्रेरकांच्या डॉक्टरांची) एक अपॉइंटमेंट घे आणि स्पष्ट विचार: माझ्या वजनात यातून किती उतरेल, किती वर्षं घ्यावं लागेल, थांबवल्यावर काय? थांबवल्यावर बहुतेकांचं वजन परत चढतं, हे ऐकून मग ठरव. ऑपरेशन करणार असलीस तरी हा दरवाजा बघून पुढे गेलेलं बरं.

आता तुझं खरं काम, जे आजपासून सुरू होतं. एक वही घे. पहिल्या भेटीच्या आधी दोन आठवडे जे जे तोंडात गेलं ते लिही. "नाश्ता: पोहे" असं लिहून माझा वेळ घालवू नकोस. मला असं हवं: रात्री पावणेबारा, फ्रीजसमोर उभ्याने, पातेल्यातला उरलेला भात आणि लोणचं, भूक नव्हती, क्लायंटने कॉलवर सगळ्यांदेखत झापलं होतं. ही एक ओळ तुझ्या सगळ्या रक्तचाचण्यांपेक्षा जास्त सांगते. कारण ऑपरेशनने जठर लहान होईल, तो क्लायंट तसाच राहील. पोळी-भाजी बसेनाशी झाली की माणूस सरकणाऱ्या गोष्टींकडे वळतो: आइस्क्रीम, मिल्कशेक, तोंडात विरघळणारा चिवडा. पोट भरत नाही, उष्मांक मात्र आत जातात, आणि दोन-तीन वर्षांनी काटा परत वर. टीममधल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर "मी काय वेडी आहे का" म्हणू नकोस. ही वही त्यांच्यासमोर ठेव. खाण्यावरचा ताबा पूर्ण सुटण्याचे प्रसंग वरचेवर येत असतील तर त्यावर उपचार आधी, ऑपरेशन मागाहून.

जेवायची पद्धतही आत्ताच बदलायला घे. आपल्याकडे ताट वाढलं की शेजारी पाण्याचा तांब्या येतोच. तो उचलून ठेव. पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासाने नंतर. चहाचा चमचा घे आणि अर्धी वाटी घट्ट वरण वीस मिनिटांत संपवून बघ. पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला वाटी रिकामी होईल आणि आपण किती वेगाने गिळतो ते तुझं तुलाच कळेल. ऑपरेशननंतर हा वेग चालत नाही. घास छातीत अडकतो, तोंडाला पाणी सुटतं, उलटी होते. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं लागतील. शाकाहारी ताटातून, आणि तेही एवढ्याशा जठरात, ती बसवणं हे डाळ-भाताचं काम नाही. पनीर, दही, सोया, मोड आलेली कडधान्यं, बहुतेकींना सुरुवातीला पावडरही. ताटात प्रथिनं आधी खायची, भात उरलेल्या जागेत. आणि तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस मूठमूठ गळतील. ते बहुतेक वेळा परत येतात, पण तेव्हा आई म्हणेल "मी सांगत होते". आधीच माहीत असू दे.

आईचा विषय निघालाच. "लग्न झाल्यावर बघू," असं त्या म्हणतात ना? ही भीती मी हिणवणार नाही. पण वैद्यकीय बाजू त्यांच्या उलट आहे. ऑपरेशननंतर निदान बारा ते अठरा महिने गरोदर राहायचं नसतं, कारण वजन झपाट्याने उतरत असताना बाळाला पुरेसं पोषण मिळत नाही. गंमत अशी की पीसीओडीवाल्या मुलींची पाळी नेमकी याच काळात नियमित व्हायला लागते, बीजं सुटू लागतात आणि "मला कुठे राहणार" म्हणणारी राहते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसाही ठेवता येत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाला दुसरा उपाय विचारावा लागतो. लग्नानंतर लगेच "गोड बातमी कधी"ची रांग लागणाऱ्या घरात हे सगळं सांभाळणं जास्त कठीण, की आत्ता? आईंना हा हिशेब सांग.

मुलाकडच्यांना सांगायचं का, हा पुढचा प्रश्न. माझं मत ठाम आहे: लग्न ठरवण्याआधी त्या मुलाला सांग. त्याच्या आत्याला सांगायची गरज नाही. जन्मभर गोळ्या, दरवर्षी रक्ततपासणी, बाळाचं नियोजन, हे ज्याच्यासोबत करायचं त्याच्यापासून लपवून जमत नाही. फॅमिली डॉक्टरलाही सांग. "जिम लावलं" म्हणून गावभर सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मग गुडघा दुखतो, कुणीतरी नेहमीची वेदनाशामक गोळी देतं आणि बायपास झालेल्या पोटात अल्सर होतो. किंवा उलट्या थांबत नाहीत, आणि ऑपरेशन झालंय हे समोरच्या डॉक्टरला ठाऊकच नसल्याने बी-१ जीवनसत्त्व द्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. वडील फारच बिचकले असतील तर नितीन गडकरींचं नाव घे. २०११ मध्ये मुंबईत त्यांनी हे ऑपरेशन करून घेतलं आणि लपवलं नाही. आपल्याकडच्या वडीलमंडळींना आकडेवारीपेक्षा ओळखीचं नाव लवकर पटतं.

धोकाही त्यांच्यासमोरच बोल. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, हे होऊ शकतं. त्या गुठळीसाठीच तर ऑपरेशनच्या दिवशीच उठवून चालवतात. अनुभवी केंद्रांत पहिल्या महिन्यातला मृत्यू हजारात एखाद्याच्या आसपास असतो. पित्ताशयाच्या ऑपरेशनला घाबरतात तेवढंच याला घाबरावं, पण शून्य म्हणणाऱ्या डॉक्टरकडून उठून यावं.

आणि सर्जनकडे गेलीस की "किती उतरेल" हा प्रश्न मागे ठेव. वर्षाला किती करता, गळती झाली तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं, आहारतज्ज्ञ तुमच्या टीममधली आहे की बाहेरची, पाच वर्षांपूर्वीचे पेशंट अजून येतात का, त्यातल्या एखादीशी बोलता येईल का, हे विचार. पॅकेजमध्ये काय येत नाही ते लिहून घे. "महिनाअखेरपर्यंत बुक केलं तर सवलत" असं कुणी म्हणालं तर पर्स उचल आणि नीघ. गोळ्यांचा आणि तपासण्यांचा वर्षाचा खर्च वेगळा काढ, तो विमा सहसा देत नाही आणि तो कधी संपत नाही.

वहीची पहिली चार पानं आणि पॉलिसीची प्रत मला पाठव. आईंना शनिवारी दुपारी फोन करायला सांग, त्यांच्याशी मी बोलते. तू मध्ये बोलायचं नाहीस.

तुझी,
डाएटवाल्या मॅडम

ता. क. ऑफिसखालच्या टपरीवर चहासोबत सिगरेट असेल, तर ती वहीत लिही आणि आजच बंद कर. निदान सहा आठवडे आधी सुटलेली हवी. निकोटीनने टाके भरायला वेळ लागतो आणि बायपासच्या जोडावर अल्सर होतात. व्हेपही त्यातच आलं. आजीसोबत मिश्री लावत असशील तर तीही.