घरी भरलेला आकडा आणि डॉक्टरांचा आकडा वेगळा का आला?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ५८ वर्षांच्या एक काकू मुलीला घेऊन समुपदेशनाला आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शस्त्रक्रियेनंतर कोणत्या उपचाराने किती जणी जगतात याचा अंदाज देणाऱ्या ‘प्रेडिक्ट’ या संगणकीय साधनावर डॉक्टरांनी काढून दिलेला कागद त्यांच्याजवळ होता. मुलीने तेच साधन घरी मोबाइलवर भरून पाहिलं, तर जगण्याचा आकडा धाडकन खाली आला. “खरा आकडा कुठला? आणि परदेशातल्या बायकांच्या आजारावरून आईची केमो ठरवायची?” असं ती विचारत होती. केमोचा निर्णय समोर असलेल्या बऱ्याच घरांत हीच धास्ती असते.

आधी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट उघडला. काखेतल्या गाठींसमोर (लसिका ग्रंथींसमोर) ‘१/१४’ लिहिलं होतं. म्हणजे १४ गाठी काढल्या, त्यांतल्या एकीतच कर्करोग सापडला. साधन बाधित गाठी किती ते विचारतं. मुलीने तिथे १४ भरले होते. ही चूक अगदी सहज होते. स्तनातल्या गाठीच्या मापाचंही तसंच: रिपोर्टमध्ये २.२ सेंटिमीटर असतं आणि साधनाला मिलिमीटर लागतात, म्हणून २२ भरायचे. ‘हर-टू’ (कर्करोगाच्या पेशींवरचं एक प्रथिन) समोर ‘२+’ म्हणजे संदिग्ध निकाल असेल तर तो पक्का करणाऱ्या फिश या जनुकीय तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत तो रकाना ‘माहीत नाही’ असाच ठेवावा. शस्त्रक्रियेआधीच केमो झाली असेल तर हे साधन वापरूच नये. औषधाने गाठ आकसलेली असते, त्यामुळे मूळ आजार किती होता ते मापावरून कळत नाही.

१४ च्या जागी १ भरल्यावर दोन्ही आकडे जुळले.

काकूंच्या कागदावर होतं: नुसत्या शस्त्रक्रियेवर दहा वर्षांनी १०० पैकी ७६ जणी हयात, हार्मोनच्या गोळ्यांनी आणखी ४, केमोने आणखी ३. “तीनच टक्के गुण येणार असेल तर कशाला एवढं सोसायचं?” काकू म्हणाल्या. पण हे तीन म्हणजे औषधाचा गुण तीन टक्के, असं नव्हे. अशा १०० जणींनी केमो घेतली तर तिघी जास्त जगतात. ८० जणी केमोविनाही दहा वर्षं काढतात. १७ जणी सगळं करूनही जातात, काही हृदयविकारासारख्या दुसऱ्या कारणाने. आपण कुणात, हे कुणीच सांगू शकत नाही, आणि आम्ही ते पेशंटला स्पष्ट सांगतो.

शंभरात तिघींचा फरक एका डॉक्टरला आयुष्यभराच्या कामातही नजरेने टिपता येणार नाही. त्यासाठीच नोंदी एकत्र कराव्या लागतात. ऑक्सफर्डच्या संशोधक गटाने २०११ मध्ये २० चाचण्यांमधल्या २१,४५७ स्त्रियांची माहिती एकत्र मांडली, तेव्हा हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या) आजारात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी घेतल्याने कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात हे पक्कं झालं.

मुलीची शंका मात्र रास्त होती. ‘प्रेडिक्ट’ मुळात इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया भागातल्या नोंदींवर उभं राहिलं. मलेशियात त्याची जुनी आवृत्ती तपासली, तेव्हा चाळिशीच्या आतल्या बायकांबाबत ते गरजेपेक्षा जास्त आशावादी ठरलं. काकूंच्या वयाला ही अडचण नाही, तरी आकडा दोन-चारने इकडेतिकडे धरूनच वाचावा. शिवाय आजार उलटण्याचा धोका किंवा केमोनंतर पायांना येणाऱ्या मुंग्या यांचा हिशेब त्या जगण्याच्या आकड्यात नसतो.

काकूंच्या बाबतीत आणखी एक वाट होती. गाठीतली २१ जनुकं तपासून आजार उलटण्याच्या धोक्याचा स्कोअर देणाऱ्या चाचणीवर आधारलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळी गेलेल्या, हार्मोन-पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, एक ते तीन गाठी बाधित आणि स्कोअर २५ पर्यंत असलेल्या स्त्रियांना केमोचा जादा फायदा दिसला नाही. ही चाचणी काढलेल्या गाठीच्या मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावरच (ब्लॉकवर) होते, पुन्हा सुई-कात्री नाही. खर्च मात्र जड आहे, आणि ती केमो सुरू होण्याआधीच करायची असते.

जाताना काकूंनी कागदाच्या मागे डॉक्टरांसाठी दोन प्रश्न लिहून घेतले: माझा हर-टू पक्का निगेटिव्ह आहे का? आणि ब्लॉक चाचणीला पाठवला तर निकालासाठी थांबायला किती आठवडे चालतील?