बेस मेल्यासारखा वाजतो, प्रीअँप कोणता घेऊ?

प्रश्न: दादा, माझा पॅसिव्ह (आत बॅटरी-सर्किट नसलेला) चार तारांचा बेस गिटार आहे, नवरात्रात गरब्याच्या स्टेजवर वाजवतो. मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट लावला की आवाज एकदम मेलेला येतो. घरी पॉवर अँप आणि १५ इंची कॅबिनेट आहे. ट्यूबवाला प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी सिग्नल वाढवणारा, घडवणारा डबा) घेऊ का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: अरे, दोष बेसचा नाहीये! पॅसिव्ह पिकअपला (तारांची थरथर पकडणाऱ्या कॉइलला) समोर साधारण १ मेगाओहम, म्हणजे हजार किलोओहम रोधाचं इनपुट लागतं आणि मिक्सरचं लाइन इनपुट असतं १०-२० किलोओहमचं, म्हणजे वरचा सगळा चटका तिथंच गिळला जातो, मग तू कितीही ट्रेबल फिरव. त्यामुळे ट्यूब वगैरे नंतर, आधी इनपुट बघ. दुसरं म्हणजे डीआय आउट (थेट मिक्सरला जाणारं आउटपुट) हवाच, त्याची तीन पिनांची एक्सएलआर केबल मिक्सरला आणि दुसरं आउटपुट तुझ्या पॉवर अँपला, आणि ग्राउंड लिफ्टचं (केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण असेल तरच पैसे दे, कारण मंडपातल्या लायटिंगची गुंईं रात्रभर कोण ऐकणार.

ट्यूबचं म्हणशील तर खरी ट्यूब प्लेटवर शे-दोनशे व्होल्ट मागते, स्वस्तातल्या डब्यात बऱ्याचदा तेवढं नसतंच, नुसता खिडकीतून दिवा दिसतो. मी तरी साधा सॉलिड स्टेटच (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवाला) घेईन, पण मिडची, म्हणजे मधल्या पट्ट्याची फ्रिक्वेन्सी फिरवता येणारा. खुली ई तार ४१ हर्ट्झची, खाली ढोल आधीच बसलेला, तिथं बेसचा नॉब वाढवलास की नुसता चिखल. ५००-८०० हर्ट्झ जरा उचल, बोटं ऐकू येतील बघ.