नाताळच्या भजनाला मुलाने तबल्याची साथ करावी का?

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा असून गेली चार वर्षे तबला शिकत आहे. आम्ही अहिल्यानगरला राहतो. त्याच्या तबल्याच्या सरांचे एक स्नेही येथील एका चर्चमध्ये हार्मोनियम वाजवतात. नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळच्या उपासनेत तेथील मुले दोन गाणी म्हणणार आहेत : एक रेव्हरंड ना. वा. टिळकांचे भजन आणि दुसरे ‘सायलेंट नाइट’चा मराठी अनुवाद. त्यांच्याकडे नेहमी साथ करणारा मुलगा यंदा बारावीला असल्यामुळे त्यांनी सरांमार्फत माझ्या मुलाला विचारले आणि तो आनंदाने तयार झाला. यजमान म्हणतात, “संगीताला धर्म नसतो, नुसते वाजवायचे तर आहे.” आमच्या घरी दत्ताची उपासना आहे आणि सासूबाई त्या दिवसापासून गप्प आहेत. एका नातेवाइकांनी तर “आज तबला, उद्या बाप्तिस्मा” असे फोनवर सुनावले. मुलगा मला विचारतो की तिथे तबल्याला नमस्कार करायचा का, कपाळावरचे गंध पुसून जायचे का आणि प्रसाद दिला तर घ्यायचा का. मला उत्तरे देता आली नाहीत. त्याला पाठवावे का?
— एक आई, अहिल्यानगर

उत्तर : ताई, त्याला अवश्य पाठवा. मात्र पाठवण्यापूर्वी आपल्या यजमानांचे एक वाक्य दुरुस्त करून घ्या, कारण “नुसते वाजवायचे आहे” हे मुलाला सांगण्यासारखे नाही. त्या संध्याकाळी तिथे जमलेल्या माणसांसाठी ती दोन गाणी म्हणजे प्रार्थना असेल. परमेश्वर मनुष्यरूपाने एका गोठ्यात जन्माला आला या त्यांच्या श्रद्धेचा तो उच्चार असेल, आणि जो मुलगा त्या प्रार्थनेला ताल देणार आहे त्याला ती कोणाची, कोणाला उद्देशून केलेली आणि कशासाठी आहे हे ठाऊक असले पाहिजे. ‘हे काही विशेष नाही’ असे सांगून नेलेले मूल लोक डोळे मिटून उभे राहिले की गोंधळते. खरे सांगून नेलेले मूल मात्र शांत राहते आणि आपण काय करायचे व काय करायचे नाही हेही त्याला समजते. हे त्यांचे देवाचे काम आहे, त्यांनी आपल्याला विश्वासाने बोलावले आहे, आपण पाहुणे म्हणून जाऊन मनापासून साथ करायची, एवढे त्याला सरळ शब्दांत सांगा.

आपले पत्र नगरहून आले आहे आणि गाणे टिळकांचे आहे, म्हणून थोडे अधिक लिहितो. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईला बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षे त्यांनी आपल्याच गावात काढली. त्यांच्या आधीच्या काळात मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत इंग्रजी स्तोत्रांचे अनुवाद मूळच्या विलायती चालींवर म्हटले जात. मराठी शब्दांतले ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत ओढले किंवा तोडले जात आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागत नसे. नगरलाच कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचे रूप घेऊन ख्रिस्तचरित्र सांगायला सुरुवात केली होती. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन यांचा आधार घेऊन शेकडो गीते रचली, आणि ती आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर म्हटली जातात. तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, अशी त्यांची स्वतःची भावना होती. त्याहीपूर्वी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते 1616 साली छापले गेले, तेही ओवीतच. म्हणजे ख्रिस्तजन्माची कथा मराठी छंदात सांगितली जाऊन चारशे वर्षे उलटली आहेत. आपला मुलगा तिथे जो ठेका धरणार आहे तो परका नाही. दत्ताच्या भजनाला तो जे वाजवतो त्याच घरातला आहे.

तरीही ‘म्हणजे सगळे एकच’ असे मुलाला सांगण्याची घाई करू नका. ठेका तोच असला तरी हाक ज्याला मारली जाते तो वेगळा आहे, आणि हा फरक ख्रिस्ती माणसाला फार महत्त्वाचा वाटतो. तो पुसून टाकला तर त्यांचाही मान राहत नाही आणि आपलाही. अकरा वर्षांच्या मुलाला हे समजते, फक्त मोठ्यांनी ते स्वच्छ सांगावे लागते.

दुसऱ्या गाण्याबद्दल त्याला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी 1818 सालच्या नाताळच्या आदल्या रात्री ते पहिल्यांदा गायले गेले. शब्द योझेफ मोर या तरुण धर्मगुरूंचे होते, चाल फ्रान्त्स ग्रूबर या शाळामास्तरांची होती आणि साथीला होती गिटार. चाल सहाच्या वजनात असल्यामुळे ती दादऱ्यात सहज बसते. मूळ गाणे अंगाईसारखे असल्याने तबला फार बोलका होऊ नये, एवढे त्याच्या सरांना सुचवून ठेवा.

आता सासूबाईंविषयी. त्यांच्या मौनाला हट्ट समजू नका. टिळकांनी धर्म बदलला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या आणि त्या काळातली तडफड त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवली आहे. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि कालांतराने, स्वतःच्या मनाला पटल्यावर, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात मात्र एक संसार दुभंगला होता. आपले माणूस आपल्यातून जाईल ही भीती जुन्या घरांत अशा घटनांतून मुरलेली आहे आणि तिला मागासलेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याच टिळकांच्या घराची दुसरी आठवणही सासूबाईंना सांगण्याजोगी आहे. बालकवी ठोंबरे तरुणपणी या ख्रिस्ती घरात मुलासारखे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना माया लावली, आणि तिथे राहूनही बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत.

नातेवाइकांच्या वाक्याला उत्तर सोपे आहे. साथ केल्याने किंवा उपासनेत बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. बाप्तिस्मा हा स्वतंत्र विधी आहे, मोठ्या माणसाला त्यापूर्वी शिक्षण घ्यावे लागते, आणि कॅथलिक चर्चच्या नियमांतही लहान मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागते. अशाच विषयावर शाळेसंबंधी विचारणाऱ्या वाचकांसाठी येथेच सांगतो की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम 28 सांगते. आपल्या बाबतीत निमंत्रण रीतसर विचारून आले आहे, म्हणून तो प्रश्न उद्भवत नाही.

मुलाचे तीन प्रश्न मला सगळ्यांत आवडले, कारण त्याने ही गोष्ट मोठ्यांपेक्षा गंभीरपणे घेतली आहे. तबल्याला नमस्कार त्याने जरूर करावा. तो त्याच्या विद्येला आणि गुरूंना आहे, आणि वाद्याला हात लावून क्षणभर मान लववण्याने कोणाच्या उपासनेत बाधा येत नाही. गंध पुसण्याचे कारण नाही. त्यांनी दत्तभक्ताच्या घरातला मुलगा बोलावला आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि स्वतःला लपवून जाणारा पाहुणा यजमानालाही अवघडवतो. सगळे उभे राहिले की त्यानेही उभे राहावे, ही रीत आहे. प्रभूची प्रार्थना किंवा श्रद्धेची कबुली सगळे मिळून म्हणतील तेव्हा त्याने गप्प राहिले तरी चालते. जे आपण मानत नाही ते देवासमोर मोठ्याने बोलू नये, हे त्यांनाही मान्य होईल.

प्रसादाबाबत मात्र नीट समजून घ्या. उपासनेत प्रभुभोजनाचा विधी असेल तर त्यात दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस म्हणजे आपल्याकडचा प्रसाद नव्हे. आपण प्रसाद येईल त्या प्रत्येकाच्या हातावर ठेवतो. ख्रिस्ती माणसासाठी ते भोजन ख्रिस्ताच्या देहाशी आणि रक्ताशी जोडलेले असते, आणि बाप्तिस्मा झालेल्या, त्यासाठी तयारी केलेल्या व्यक्तीच ते घेतात. कॅथलिक मिस्सेत याबाबत कडक शिस्त असते आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांतही साधारणपणे हाच रिवाज आहे. मुलाने आदरापोटीही हात पुढे करू नये. रांग पुढे सरकत असताना त्याने तबल्यापाशी बसून राहावे. त्या दिवशी हा विधी आहे का, हे हार्मोनियमवाल्या काकांना आधीच विचारा. उपासना संपल्यावर चहा, केक किंवा फराळ दिला तर तो निःसंकोच घ्यावा. नाताळच्या ताटात करंज्या आणि चकल्या पाहून त्याला घरच्यासारखेच वाटेल. केकमध्ये बहुधा अंडे असते, घरी चालत नसेल तर तेवढे सांगून ठेवा.

मन अजून डळमळत असेल तर प्रसंग उलटा करून पाहा. मार्गशीर्षात आपल्या घरी दत्तजयंतीला एखादी ख्रिस्ती मुलगी अभंग म्हणायला आली, तर आपण तिच्याकडून काय अपेक्षा करू? तिने शब्द समजून म्हणावेत, चपला बाहेर काढाव्यात, आणि तीर्थ नको असेल तर नम्रपणे नाही म्हणावे. तिने दत्तभक्त व्हावे असे आपल्या मनातही येणार नाही, आणि ती “मी नुसती गाते आहे” असे म्हणाली तर आपल्याला थोडे वाईटच वाटेल.

वाजवण्यासंबंधी दोन गोष्टी. मुलांच्या गाण्यात लय पुढे पळते. ती धरून ठेवणे हे तुमच्या मुलाचे खरे काम आहे, म्हणून निदान तीन-चार सराव त्या मुलांबरोबरच व्हावेत. हार्मोनियमची पट्टी आधी विचारून घ्यावी आणि डिसेंबरच्या थंडीत सूर हलतो म्हणून हातोडी घेऊन अर्धा तास आधी पोहोचावे. शिवाय उपासनेत गाण्यानंतर अनेक ठिकाणी टाळ्या वाजवत नाहीत. हे त्याला आधी सांगितले नाही, तर आपले चुकले असे समजून तो हिरमुसेल.

सासूबाईंना सोबत येण्याचा आग्रह करू नका, पण भजनाचा कागद घरी आणा. आदल्या संध्याकाळी, देवापाशी दिवा लावून झाल्यावर, मुलाने त्यांच्यासमोर बसून ते शब्द आधी वाचून दाखवावेत आणि मग ठेका धरावा. आयुष्यभर अभंग म्हटलेल्या बाईला ते कोणत्या मातीतले आहेत हे ऐकताच कळेल. त्यानंतर त्या जे काही बोलतील ते मुलाला ऐकू द्या, आणि जमल्यास मलाही कळवा.