स्थानकावर राहणारी मुले एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, ते नाते खरे असते का?

आपण विचारले आहे की, जळगाव स्थानकावर रोज दिसणारी चार मुले एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, तर ते कुटुंब मानावे की पोटासाठी जमलेली टोळी. आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या फोन क्रमांकावर कळवले तर त्यांची ताटातूट होईल का. मी स्वतः १९९० ते १९९२ या काळात भुसावळ स्थानकावर राहिलेलो आहे, म्हणून उत्तर लिहीत आहे.

माझे गाव अमळनेर तालुक्यातले. घर का सोडले, हे इथे महत्त्वाचे नाही. अकरा वर्षांच्या मुलाला घर सोडायला जेवढे कारण लागते तेवढे होते. मुंबईला जायचे म्हणून सुरतेकडून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो, जळगावला गाडी बदलायची होती, पण झोप लागली आणि डोळे उघडले ते भुसावळला. इटारसीकडून आणि नागपूरकडून येणारे दोन्ही मार्ग तिथे एकत्र येऊन मुंबईकडे जातात, गाडीचे चालक-गार्ड तिथे बदलतात, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या थोड्या निवांत थांबतात. अशा थांब्यावर रिकाम्या बाटल्या गोळा होतात, डबा झाडून प्रवाशांपुढे हात पसरता येतो आणि उरलेले अन्न मिळते. आम्हाला गाड्यांची वेळापत्रके पाठ होती, पण ती जेवणाच्या हिशेबाने: कोणत्या गाडीत भात उरतो आणि कोणत्या गाडीतले लोक पुऱ्या खिडकीतून देतात, अशी.

आम्ही पाच जण होतो. थोरला चौदा वर्षांचा, त्याच्याहून लहान, खंडव्याकडची ताई, मी, माझ्याहून वर्षभराने लहान असलेला मधला, ज्याला आपले गाव सांगता येत नसे, आणि स्त्रियांच्या प्रतीक्षालयाबाहेर ताईला सापडलेली पाच-सहा वर्षांची धाकटी. एकाचेही दुसऱ्याशी रक्ताचे नाते नव्हते आणि बोलीही सारखी नव्हती. नावे मी मुद्दाम लिहीत नाही.

टोळी आणि कुटुंब यांतला फरक ओळखण्याची एकच खूण मला ठाऊक आहे, आणि ती वाटणीच्या वेळी दिसते. ताई मिळालेला भात जुन्या वर्तमानपत्रावर पसरायची, बोटाने त्यात रेघा ओढून पाच भाग करायची आणि जो परतलेला नसेल त्याचा भाग ॲल्युमिनियमच्या झाकणाखाली सरकवून ठेवायची. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या मुलांचा जो जथा होता, त्यांच्याकडे जो हजर नाही त्याचा वाटा उरलेल्यांत वाटला जाई. आमच्याकडे तो राखला जाई. भुसावळच्या मे महिन्यात दुपारचा भात संध्याकाळपर्यंत आंबतो, हे आम्हाला कळत नव्हते असे नाही. थोरल्याने एकदा भुकेपोटी झाकण उचलले, तेव्हा ताईने त्याच्या मनगटावर चमचा मारला आणि तो वयाने मोठा असूनही काही बोलला नाही.

पैशांचेही तसेच होते. रात्री झोपलेल्या मुलाच्या खिशात पैसे राहत नाहीत. मोठी मुले काढून घेतात, म्हणून बहुतेक मुले दिवसाची कमाई दिवसाच उडवतात. (मुले उधळी असतात असे लोक म्हणतात, आम्हाला ती काटकसर वाटायची, कारण पोटात गेलेले कोणी काढून घेऊ शकत नव्हते.) आम्ही पाचांचे पैसे एका पानटपरीवाल्याकडे ठेवायचो. तो रुपयामागे दहा पैसे कापायचा, पण हिशेबाला चोख होता. धाकटीला ताप आला तेव्हा औषध त्या पैशांतून आले, आणि त्यात सगळ्यांत कमी भर मधल्याची होती, हे कोणी काढले नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चित्र फार गोड होईल. थोरला पंक्चरच्या सोल्युशनचा बोळा हुंगायचा आणि त्या नशेत आम्हाला मारायचा. त्याला बहुधा कोणीतरी तसेच मारलेले असावे. काही जथ्यांत लहानांची कमाई वर जाते आणि खाली काहीच येत नाही. तिथे तोंडाने 'भाई' म्हणत असले तरी ते शोषणच असते. आपण पाहता त्या मुलांत सर्वांत लहान मूल शेवटी खाते की आधी, याकडे लक्ष द्यावे.

ताटातुटीविषयीची आपली भीती निराधार नाही. १९९२ मध्ये एका रात्री आम्हा चौघांना उचलण्यात आले. चौघांना, कारण मधला त्याआधी दीड महिन्यापूर्वी नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बाटल्या गोळा करायला चढला होता, गाडी सुटली आणि तो पुन्हा आला नाही. थोरल्याकडे बोट दाखवून मी अहिराणीत म्हणालो, "हाऊ मन्हा भाऊ शे." शिपाई इकडचाच होता, त्याला भाषा कळली, त्याने विचारले, "मग आडनाव वेगळं कसं?" मला उत्तर देता आले नाही. नोंदवहीत 'नातेवाईक' या रकान्यात प्रत्येकापुढे 'नाही' लिहिले गेले. मुली एका गावी गेल्या, आम्ही दोघे दुसऱ्या गावी, आणि पुढे वयामुळे थोरलाही वेगळा झाला. ताईचा पत्ता मला लागायला नऊ वर्षे गेली.

तेव्हा १९८६ चा कायदा होता. आज २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. कायद्याच्या तत्त्वांत कुटुंब म्हणजे जन्माचे, दत्तक किंवा प्रतिपालक (दुसऱ्याचे मूल काही काळ सांभाळणारे) कुटुंब. झाकणाखाली वाटा ठेवणारी ताई त्यात बसत नाही. मुलगे आणि मुली सहसा वेगवेगळ्या गृहांत जातात, हेही तेव्हासारखेच आहे. पण त्याच कायद्यात मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचे तत्त्व आहे, आणि धरायचा धागा तोच आहे.

म्हणून आपण फोन जरूर करावा. फलाटावरचे आयुष्य जपून ठेवण्यासारखे नाही, आणि हे मी त्यातून वाचलेला माणूस म्हणून सांगतो. मात्र 'एक मुलगा दिसला' असे न सांगता 'चौघे एकत्र राहतात' असे सांगावे, शक्य झाल्यास समितीपुढे स्वतः जावे आणि कोण कोणाला काय म्हणते ते कागदावर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. एकत्र ठेवता आले नाही तरी कोण कुठे गेले हे एकमेकांना कळेल आणि भेटी होतील, एवढे मागता येते. आमच्या वेळी ते मागणारे कोणी नव्हते.

ताई आता दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरपणाला माझ्याकडे येते. थोरला २००४ मध्ये वारला. गेलेल्या माणसासाठी त्या दिवशी भरतात तशी त्याच्या नावाने मी घागर भरतो, वर डांगर (खरबूज) ठेवतो. मधल्याच्या नावाने घागर भरत नाही, कारण तो गेल्याचे आम्हाला कोणी कळवलेले नाही. त्या दिवशी पुरणपोळी आणि रसाचे एक ताट ताई बाजूला काढते आणि त्यावर झाकण ठेवते.