फ्लॉरेन्समधे पायी फिरताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही नवराबायको मे महिन्यात मुलीकडे जर्मनीला जातोय आणि तिने आमचे दोन दिवस इटलीतल्या फ्लॉरेन्सचे ठरवलेत. तिथे तीन तासांची गाइडेड वॉकिंग टूर मिळते म्हणे, रेनेसाँच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या, आर्ट आणि आर्किटेक्चरची. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पैसे घालावेत का, की मोबाइल बघत आपलं आपण फिरावं? (घोडबंदर रोड, ठाणे)

घाला पैसे, आणि टूर पहिल्याच दिवशी सकाळची घ्या, शेवटच्या दिवशी नको. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बसमधून गेले होते, कॅथीड्रलच्या चौकात चाळीस मिनिटं, मग चामड्याच्या बॅगांच्या दुकानात एक तास, घरी आल्यावर फोटो बघताना कुठलं काय तेच आठवेना, इतकं वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी वॉकिंग टूर घेतली तर गाइडबाईंनी आम्हाला त्याच चौकात नुसतं घुमटाकडे बघत वीस-पंचवीस मिनिटं उभं केलं, आणि मला वाटतं ती वीस मिनिटंच मी आयुष्यभर लक्षात ठेवणार आहे.

काय झालं होतं ते सांगते, म्हणजे तुम्ही जाताना डोक्यात असेल. त्या कॅथीड्रलचं काम १२९६ला सुरू झालं, भिंती चढल्या, पण वर घुमटाची जागा कितीतरी वर्षं तशीच उघडी, कारण ती साधारण ४५ मीटर रुंद आणि आठ कोनी. आपल्याकडे स्लॅब टाकताना खाली फळ्या आणि टेकू लावून सेंटरिंग करतात ना, तसं सेंटरिंग एवढ्या उंचीवर एवढ्या रुंदीला करायचं तर लाकूड आणायचं कुठून आणि ते पेलणार कसं हा प्रश्न होता. १४१८ला स्पर्धा ठेवली, त्यातून काम मिळालं ब्रुनेलेस्कीला, जो मूळचा सोनार. त्याने सांगितलं की मी जमिनीपासून सेंटरिंग न करता घुमट बांधतो, आणि १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत बांधून दाखवला.

जमलं कसं, तर विहीर डोळ्यासमोर आणा. विहिरीच्या आतल्या दगडांचं कडं पूर्ण झालं की प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो आणि आत कोसळत नाही, तसा हा घुमट एकेक कडं पूर्ण करत वर नेला. पण कडं पूर्ण व्हायच्या आधी वरच्या उतारावरच्या विटा घसरतील त्याचं काय, तर त्याने आडव्या विटांमधे ठरावीक अंतरावर उभ्या विटा बसवल्या, माशाच्या काट्यासारखी तिरकी रांग वर चढत जाते, आणि चुना सुकेपर्यंत त्या उभ्या विटा आडव्यांना चापात धरून ठेवतात. शिवाय घुमट एक नाही, एकात एक असे दोन आहेत, मधल्या पोकळीतून जिना जातो. तुम्ही ४६३ पायऱ्या चढलात (लिफ्ट नाही हं) तर त्याच पोकळीतून चढता आणि काही ठिकाणी ती काट्याची रांग हाताच्या अंतरावर दिसते. माल वर न्यायला त्याने बैलांचा रहाट केला होता, त्यात गिअर बदलून दोर खाली सोडायची सोय, म्हणजे बैल जुंपलेले तसेच गोल फिरत राहायचे, त्यांना उलटं वळवायची गरजच नाही. हे सगळं कुणीतरी समोर उभं राहून बोट दाखवून सांगितलं की घुमट वेगळाच दिसायला लागतो. मोबाइलवर वाचून ते होत नाही, निदान माझं झालं नाही.

बुक करताना एवढं बघा, की ग्रुप दहा-बाराचा असावा, कानात लावायचा रिसीव्हर देतात का विचारा, आणि तिकिटं धरलीयेत का ते नीट वाचा, कारण बऱ्याच वॉकिंग टूर फक्त बाहेरून दाखवतात. घुमटाला वेळ ठरवलेलं तिकीट लागतं, ते निघायच्या बरंच आधी काढा. चर्चमधे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, मेमधे ऊन असतं म्हणून शॉर्ट्सवर निघाल तर दारातून परत पाठवतील. सोमवार येत असेल तर सावध राहा, उफ्फिझी (चित्रांचं मोठं म्युझियम) आणि मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याचं म्युझियम दोन्ही सोमवारी बंद. उफ्फिझी दुसऱ्या दिवशी निवांत करा, टूरच्याच दिवशी कोंबू नका. आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी गाइडशिवाय तोच रस्ता पुन्हा चाला, सकाळी ऐकलेलं तेव्हा खरं आत उतरतं.

प्रश्न: आईला सोबत न्यायचंय, वय ६८, गुडघे दुखतात. वॉकिंग टूर म्हटल्यावर ती आत्ताच नाही म्हणतेय. झेपेल का? (ऐरोली)

जुन्या फ्लॉरेन्सचा मधला भाग सपाट आहे आणि छोटा आहे हे आधी आईंना सांगा. स्टेशनवरून कॅथीड्रल दहा मिनिटं, तिथून सिन्योरिया हा मुख्य चौक आणखी दहा मिनिटं, तेही रमतगमत. त्रास चालण्याचा कमी आणि फरशीचा जास्त, कारण रस्ते दगडी आहेत, म्हणून रोज घालतात तेच मऊ तळव्याचे शूज, नवे कोरे अजिबात नको. आणि टूरमधे उभं राहणं खूप असतं, ते गुडघ्याला चालण्यापेक्षा जड जातं, घडीचं छोटं स्टूल मिळतं काठीसारखं, ते न्या. ग्रुपऐवजी दोन तासांचा खाजगी गाइड परवडत असेल तर तो घ्या, मग आईंच्या चालीने चालता येईल. घुमटाच्या ४६३ आणि शेजारच्या घंटाघराच्या ४१४ पायऱ्या दोन्ही सोडा, तिकीटही काढू नका, नाहीतर पैसे दिलेत म्हणून त्या चढतील. आयांचं असंच असतं.

आईंना एक जागा मात्र नक्की दाखवा, टूरमधे नसली तरी. कॅथीड्रलपासून थोडंसं चाललं की एक चौक लागतो, तिथे अनाथ बाळांसाठी बांधलेली इमारत आहे, ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती. १४१९ला याच ब्रुनेलेस्कीने तिचं काम सुरू केलं. बाहेरच्या कमानींच्या वर निळ्या गोल चकत्या आहेत, भाजलेल्या मातीच्या, चकचकीत, आणि प्रत्येकीत एक पांढरं बाळ, दोन्ही हात पसरलेलं, कमरेखाली पट्ट्यांत गच्च गुंडाळलेलं, आपल्या आज्या दुपट्यात बांधतात ना तस्संच. आन्द्रेआ देल्ला रोब्बिया या शिल्पकाराचं काम आहे ते. नीट बघितलं तर सगळी बाळं सारखी नाहीत, एखाद्याच्या पट्ट्या सैल होऊन सुटत आलेल्या दिसतात. १४४५ला तिथे पहिलं बाळ आलं, मुलगी होती, तिचं नाव आगाता स्मेराल्दा नोंदलंय. आतल्या म्युझियममधे छोट्या छोट्या खणांत बाळांसोबत ठेवलेल्या खुणा आहेत, अर्धं तोडलेलं पदक, मण्यांचा तुकडा, म्हणजे आई कधी परत आलीच तर उरलेला अर्धा जुळवून ओळख पटावी. मी तिथे एका खणासमोर किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. आईंना हे दाखवा, बाकीचं म्युझियम राहिलं तरी राहू दे.

प्रश्न: मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. पुस्तकात रेनेसाँची लक्षणं पाठ केलीत पण समोर इमारत आली की ओळखता येत नाही. इटलीला जायला सध्या पैसे नाहीत. (वाशी)

अरे, इटली राहू दे, हार्बर लाइनने सीएसएमटीला जा. तिथल्या कमानी बघ, वर टोक आलेल्या, सगळी इमारत वर वर खेचल्यासारखी, ती गॉथिक वळणाची. मग एखाद्या रविवारी वसईच्या किल्ल्यात जा, पोर्तुगीजांच्या पडक्या चर्चच्या दर्शनी भिंती आणि दरवाजे बघ, तिथे अर्धगोल कमानी दिसतील, बाजूला जोडखांब, वर आडवी पट्टी, डावं-उजवं सारखं. ती पद्धत युरोपात रेनेसाँमधे रुजली आणि पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. दोन्ही ठिकाणी स्केचबुक घेऊन बस, फोटो नको.

आणि मोजमाप हा त्यातला खरा गाभा. वर ज्या अनाथ बाळांच्या इमारतीचं लिहिलंय तिच्या ओसरीत दोन खांबांमधलं अंतर, खांबाची उंची आणि ओसरीची खोली ही तिन्ही मापं सारखी आहेत, म्हणजे प्रत्येक खण एक घन, आणि घनावर अर्धगोल कमान. तुझ्या कागदावर एक घन काढ, त्यावर अर्धं वर्तुळ, असे नऊ खण ओळीने, झाली ती ओसरी तयार. गाइडसोबत गेलेली माणसं तिथे पावलांनी मोजून बघतात, तू पट्टीने मोज. दोन-तीनदा काढलंस की डोळा आपोआप तयार होतो, पाठांतराने नाही होत.

प्रश्न: सिन्योरिया चौकातला डेव्हिड नकली आहे असं कळलं. मग खोटा पुतळा दाखवून टूरवाले पैसे का घेतात? (नेरुळ)

तो कॉपी आहे हे गाइड सांगतात, लपवत नाहीत. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४मधे केलेला मूळ पुतळा याच जागी साडेतीनशेहून जास्त वर्षं उघड्यावर होता. १५२७च्या दंगलीत वरच्या खिडकीतून फेकलेलं बाक लागून त्याचा डावा हात तुटला, तो नंतर जोडला. १८७३ला त्याला अकादेमिया म्युझियममधे आत नेला आणि १९१०ला जागेवर कॉपी उभी केली. म्हणून दोन्ही बघा. चौकातला बघितल्यावर तो कुठल्या जागेसाठी, केवढ्या इमारतीशेजारी उभा होता ते कळतं, आणि आतला ५.१७ मीटरचा बघितल्यावर उजव्या हाताच्या फुगलेल्या शिरा दिसतात. संगमरवराचा तो एकच ठोकळा आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट सोडलेला, वर्षानुवर्षं आवारात पडून होता. चौकाच्याच कडेला लॉज्जाच्या, म्हणजे उघड्या ओसरीच्या, कमानीखाली चेल्लिनीने केलेला पेर्सेउसचा पुतळा आहे, तो फुकट बघायला मिळतो, तेव्हा मला तरी ती टूर महाग वाटत नाही.

प्रश्न: सासर कोल्हापूरचं आहे. फ्लॉरेन्सला आपल्या महाराजांची छत्री आहे असं सासरे म्हणतात, खरं का? (कळवा)

अगदी खरं. राजाराम महाराज, राजर्षी शाहूंच्या आधीचे, १८७०मधे इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच गेले, वय अवघं वीस. आर्नो नदीला मुन्योने नदी मिळते त्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि १८७४ला तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज आर्किटेक्टचा, ज्यांनी कोल्हापूरचा न्यू पॅलेसही केला. छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे, डोक्याला फेटा. जवळच्या पुलाला आजही लोक ‘इंडियन’चा पूल म्हणूनच ओळखतात.

वॉकिंग टूरमधे ही जागा नसते, आणि ती रेनेसाँची नाहीही. कास्चिने नावाच्या बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे, बाग तीन किलोमीटरहून लांब, त्यामुळे टूर संपल्यावर पाय शिल्लक असतील तरच चालत जा, नाहीतर टॅक्सी करा. उजेड असताना पोहोचा, आणि सासऱ्यांसाठी पुतळ्याचा एक फोटो जवळून काढा.